आम्ही चौघे घरी होतो

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

होकन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र शेगडीत टाकणार असशील तर आधी एवढं वाच. माझ्याकडे पोलीस येऊन गेले. आता टाकायचं तर टाक.

तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. हा पत्ता आईच्या वारसाच्या कागदांवर होता. नॉर्वेच्या इतक्या वरच्या टोकाला अजून तिथेच राहतोस का, तेही माहीत नाही. पत्र परत आलं तर निदान कळेल.

तुला हसू येईल, मी हल्ली पूर्वज शोधते. शाळेच्या स्वयंपाकघरातून गुरुवारी दोनला सुटते आणि सरळ गावच्या सभागृहात जाते. तिथे आमचं दहा जणांचं अभ्यासमंडळ भरतं. स्टुरे मास्तर चालवतात. हो, तेच, तुला गणितात नापास करणारे. चर्चच्या जुन्या वह्या वाचायच्या, कॉफी प्यायची, वेलदोड्याचे बन खायचे आणि मेलेल्यांची लफडी काढायची. मी आपलं घराणं १६९१ पर्यंत नेलं. त्याच्या मागे वह्याच नाहीत.

आणि पप्पांना तर व्हायकिंग हवा! आठवतं ना, आपला मूळपुरुष नावेतून नद्या उतरत ग्रीकांच्या बादशहाकडे गेला आणि तिथली चांदी आणून आपल्याच शेतात पुरली म्हणे. त्या चांदीपायी तू दोन उन्हाळे बटाट्याचं शेत खणलंस. पप्पा कुंपणावर बसून हसायचे. बटाटे मात्र छान आले.

पप्पा आता चौऱ्याऐंशीचे. दीड वर्ष वृद्धाश्रमात आहेत, पण डोकं एकदम शाबूत. म्हटलं, जाण्याआधी त्यांना त्यांचा व्हायकिंग देऊ. वह्या संपल्या की डीएनए. पण घराण्याचा धागा म्हणे बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, मुलींकडे येतच नाही. स्टुरे मास्तर म्हणाले, "इल्वा, या खेळात तू नुसती प्रेक्षक." मग मी कसंबसं जमवलं. कसं ते जाऊ दे. साइटवर आपल्या घराण्याचा धागा चढवला आणि वाट बघत बसले.

बुधवारी दारात व्हायकिंगाऐवजी पोलीसबाई उभी. कायसा तिचं नाव, पोरगेलीच आहे, बूट दारातच काढून आत आली. म्हणाली, "आनेलीच्या केसबद्दल आलेय."

आनेली. किऑस्कवर आइस्क्रीम विकायची, मला नेहमी एक गोळा जास्त द्यायची. चुनखडीच्या खाणीतल्या पाण्यात सापडली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिच्या नखांखाली कोणाचं तरी कातडं होतं, ते त्यांनी अडतीस वर्षं जपून ठेवलं. या उन्हाळ्यात इकडे स्वीडनमध्ये नवा कायदा आला, आता पोलिसांनाही आमच्यासारख्या हौशी लोकांच्या साइटवर शोधता येतं. त्यांनी शोधलं. ते कातडं आणि आपला धागा जुळला.

मी म्हटलं, मला काहीच माहीत नाही. ती म्हणाली, "घाई नाही, विचार करा." आणि बूट घालून गेली.

तुला काही सांगायचं असेल तर सांग.

इल्वा


सोमवार, २२ सप्टेंबर

होकन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तरही नाही. ठीक आहे. मागच्या पत्रात मी एक गोष्ट गिळली, ती आता ओकते.

तो धागा तुझा आहे.

आईच्या अंत्यविधीनंतर तू कॉफीला तासभर थांबलास. पस्तीस वर्षांनी आलास आणि घड्याळाकडे बघत बसलास. ओठाखालची ती तंबाखूची, स्नूसची पुडी काढून बशीच्या कडेला ठेवलीस, अगदी वीस वर्षांचा असताना ठेवायचास तशीच, आई ओरडायची तशीच. तू गेल्यावर मी ती उचलली, पिशवीत घातली आणि फ्रीझरमध्ये बेरींच्या डब्याखाली ठेवून दिली. का? तुझं दुसरं काहीच माझ्याकडे नव्हतं म्हणून. हस बाबा हस. बायका भावाचे फोटो ठेवतात, मी तंबाखू ठेवला.

मागच्या हिवाळ्यात ती एका परदेशी प्रयोगशाळेला पाठवली. ते असल्या वस्तूंमधूनही डीएनए काढून देतात. फॉर्मवर लिहिलं, भावाची संमती आहे. खोटं लिहिलं.

तू विचारशील, पप्पा असताना माझी चोरी कशाला? विचारलं होतं ना पप्पांना! कापसाची काडी घेऊन गेले होते. वाटलं, खूश होतील. ते इतके भडकले की नर्स धावत आली. "माझे पूर्वज मला माहीत आहेत, मला कोणाच्या कागदाची गरज नाही!" काडी मोडून टाकली. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, मी सोडून दिलं.

आता दुसरी गोष्ट. साइटवर धागा चढवताना एक चौकोन येतो, पोलिसांनी बघितलं तर चालेल का? टिचकी मारायची किंवा नाही. आम्ही दहाही जणांनी एकाच गुरुवारी, एकाच टेबलावर ते भरलं. टेबलाच्या टोकाला कोण बसलं होतं ठाऊक आहे? गुड्रुन. आनेलीची आई. एक्याऐंशीची झाली, वेलदोड्याचे बन तीच करून आणते. ती शांतपणे म्हणाली, "मी तर हो म्हटलं. आपल्याकडे काय आहे लपवण्यासारखं?"

आता सांग, त्या टेबलावर 'नाही' कोण म्हणणार? या गावात कोणी आपल्या कुंपणालाही वेगळा रंग देत नाही. नऊ जणांनी माना खाली घालून हो म्हटलं. दहावी मी. माझं बोट त्या चौकोनावर किती वेळ होतं ते फक्त मला माहीत. स्टुरे मास्तर म्हणाले, "अगं, दाब की, कॉफी गार होतेय."

दाबलं.

होकन, मला तेव्हा कळत होतं का मी काय करतेय? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. खरं सांगू? थोडं कळत होतं.

इल्वा


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

होकन,

कायसा परत येऊन गेली. या वेळी सोबत एक कागद होता आणि त्यावर दोन नावं. त्या धाग्याचे त्या वर्षी हयात असलेले पुरुष दोनच, पप्पा आणि तू. आजोबा आधीच गेलेले, काका आपल्याला नाहीतच.

ती म्हणाली, "तुमच्या गालाचा कापूस दिलात तर आम्हाला दोघांपैकी कोण ते कळेल. वडील आणि मुलीचं जुळणं वेगळं असतं, बहीणभावाचं वेगळं. तुमच्या भावाला शोधत नॉर्वेला जायची गरज पडणार नाही." मंगळवारी, १४ तारखेला, दहा वाजता विस्बीला पोलीस ठाण्यात बोलावलंय. सक्ती नाही म्हणाली. पण हसली नाही.

म्हणजे माझ्या गालात तुझा निकाल आहे. मी जेवताना तोंड उघडते तरी तेच आठवतं.

आता ते बोलू या, जे आपण अडतीस वर्षं बोललो नाही. मी लिहिते, तू फक्त वाच.

१५ ऑगस्ट १९८७, शनिवार. आई रानात बेरी वेचायला गेली होती. पप्पा गेले होते वार्पाच्या सामन्याला, ते चपटे दगड फेकायला. तू कुठे होतास मला माहीत नाही. दुपारी तीनपासून मी माझ्या खोलीत रेडिओ लावून नखं रंगवत होते. सहाच्या सुमाराला अंगणात नळीचा आवाज आला म्हणून खिडकीत आले. तू गाडी धूत होतास. बाहेरून नाही, आतून. मागची सीट काढून गवतावर ठेवली होतीस आणि ब्रशने घासत होतास. वर बघितलंस. मी हात केला नाही, तूही केला नाहीस.

सोमवारी आनेली सापडली. मंगळवारी पोलीस घरोघर फिरू लागले. ते आपल्या फाटकापाशी आले तसं आईने माझा दंड धरला आणि म्हणाली, "शनिवारी आपण चौघे घरी होतो. दुपारपासून. पत्ते खेळत होतो. कळलं?" तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. मी सतरा वर्षांची. मी तसंच सांगितलं. पोलीस माझ्याकडे बघून हसला आणि लिहून घेतलं. शाळेत पहिली येणारी मुलगी, तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार?

दोन महिन्यांनी तू गेलास. मला वाटलं, बरं झालं. देवाशपथ, मला हायसं वाटलं. आणि त्याच दिवसापासून भीतीही वाटते. तू परत येशील म्हणून नाही. कोणीतरी मला परत विचारेल म्हणून.

पप्पांचा विचार तू करतोस का? मी कधी केलाच नाही. चर्चच्या समितीवरचा माणूस, मेंढ्यांशी सुद्धा हळू बोलणारा. असो.

मी मंगळवारी गेले नाही तर कायसा नॉर्वेला येईल. गेले तर मीच तुला दुसऱ्यांदा त्यांच्या हातात दिलं असं होईल, पहिल्यांदा त्या स्नूसने. मला सांग काय करू. एक शब्द लिही. मोठी बहीण असते तर कदाचित कळलं असतं, मी धाकटी आहे, मला नेहमी तूच सांगायचास.

इल्वा


गुरुवार, १६ ऑक्टोबर

होकन,

सोमवारी तुझं कार्ड आलं. पुढे जहाजाचं चित्र आणि मागे एकच शब्द. "दे."

एक शब्द लिही म्हटलं तर खरोखर एकच लिहिलास! तू बदलला नाहीस.

मी ते कार्ड स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली फरशीवर बसले. म्हणजे तू कबूल केलंस, असं मी समजते. मंगळवारी गेले. काडी गालात अर्धं मिनिटसुद्धा नव्हती. कायसाने नळीवर माझं नाव लिहिलं, मी सही केली, तिने पाणी दिलं. बाहेर आल्यावर बंदराच्या बाकावर बसून मी इतकी रडले की एक अनोळखी म्हातारा म्हणाला, "बोट चुकली का?"

ऐक. तू केलं असलंस तरी तू माझा भाऊ आहेस. हे मी तोंडावर कधी म्हणू शकले नसते, म्हणून लिहिते. तुला जिथे ठेवतील तिथे मी येईन. बन घेऊन येईन, आत नेऊ दिले तर. गुड्रुनच्या समोर कशी उभी राहीन ते मला माहीत नाही. मागच्या गुरुवारी मंडळाला गेलेच नाही. तिने घरी डबा पाठवला, वर चिठ्ठी, "लवकर बरी हो." तो डबा अजून उघडलेला नाही.

निकालाला दोन आठवडे लागतील. मला उत्तर नको. फक्त कुठे पळून जाऊ नकोस.

इल्वा


रविवार, २ नोव्हेंबर

होकन,

गुरुवारी शाळेत एकशे ऐंशी मुलांचे मीटबॉल ताटात वाढत असताना कायसाचा फोन आला. निकालाचं एक अक्षर बोलली नाही. फक्त विचारलं, "तुमचे वडील चालतात का? त्यांच्या खोलीला बागेकडचं दार आहे का?"

मी चमचा हातात धरून उभी. मुलं म्हणतायत, "इल्वा, माझा सॉस!" आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, "चालतात. काठी घेऊन. दार आहे." ती म्हणाली, "बुधवारी सकाळपर्यंत त्यांच्याशी काही बोलू नका. नेहमीसारखं वागा." मी विचारलं, "माझा भाऊ?" ती म्हणाली, "भावाला फोन करा, इल्वा."

कुठून करू फोन! घरी आले तर पत्रपेटीत तुझं जाड पाकीट. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाक्य माझ्या हाताने एकदा लिहिलं जायला हवं.

"गाडी धुवायला मला पप्पांनी सांगितलं. म्हणाले, मागच्या सीटवर मेंढी व्याली. ऑगस्टमध्ये, इल्वा. आपल्या मेंढ्या ऑगस्टमध्ये कधी व्याल्या? ते माझ्या डोक्यात आलं तेव्हा सीट घासून झाली होती. वर बघितलं तर तू खिडकीत. मग तू पोलिसांना सांगितलंस, चौघे घरी होतो. मला वाटलं तुला सगळं ठाऊक आहे आणि तू त्यांच्या बाजूची आहेस. मी वीस वर्षांचा होतो, भ्यालो. तुम्हा तिघांना भ्यालो. म्हणून गेलो. आणि आता तू लिहितेस की मला तुरुंगात बन आणून देशील."

ते बनचं वाक्य मी लिहिलं. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. अडतीस वर्षं मी तुला मनातल्या मनात शिक्षा देत राहिले आणि वर माफही करत राहिले, जसं काही माझ्याकडे तो अधिकारच होता. तू तिकडे एकटा, मी इकडे दर रविवारी त्यांच्याकडे. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणते. माफ कर.

आता एकेक आठवतं. त्या शनिवारी पप्पा उजेडातच सौनात, वाफेच्या खोलीत, जाऊन बसले होते. हातावर ओरखडे होते, मानेवरही. कुंपणाच्या तारेने म्हणाले आणि आईने मलम लावलं. तेव्हा मीच डबीचं झाकण उघडून दिलं होतं. आईला काय माहीत होतं ते ती बरोबर घेऊन गेली.

काल सगळ्या संतांचा दिवस. चर्चच्या आवारात सगळ्यांसारखी मीही मेणबत्त्या घेऊन गेले. एक आईच्या थडग्यावर लावली. दुसरी आनेलीच्या थडग्याजवळ नेली तर तिथे गुड्रुन वाकून वात सरळ करत होती. म्हणाली, "अगं, बरी झालीस? ये, इथे वारा कमी आहे." मी मेणबत्ती तिच्या हातात दिली आणि निघाले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

आणि आज रविवार. नेहमीसारखं वागा म्हणाली ना. नेहमी मी केशरी पॅनकेक नेते, आजही केला. गेले नसते तर त्यांना संशय आला असता. वृद्धाश्रमाच्या पायऱ्या कठडा धरून चढले.

ते खुर्चीत बसले होते, दाढी करून, गळ्यात ती व्हायकिंग लोकांची चांदीची हातोडी घालून. मी चमच्याने भरवत होते, त्यांचा उजवा हात थरथरतो म्हणून. त्याच हाताकडे बघत होते. पप्पांनी विचारलं, "काय मग, सापडला का आपला व्हायकिंग?"

मी म्हटलं, "अजून निकाल यायचाय, पप्पा."

"कोणाचा कापूस दिलास? माझा तर दिला नाही."

होकन, त्यांचा आवाज अगदी मऊ होता. मेंढ्यांशी बोलायचे तसा. मी म्हटलं, "चर्चच्या वह्यांवरूनच चाललंय." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. खिडकीबाहेर कोणीतरी पानं गोळा करत होतं, त्या खराट्याचा आवाज येत होता. मला वाटलं, यांना कळलं. आता उठतील. चौऱ्याऐंशी वर्षांचा काठीवाला म्हातारा, आणि मी पंचावन्नची धडधाकट बाई, शाळेतले मोठाले टोप एकटी उचलणारी, जागच्या जागी थिजले होते.

मग त्यांनी तो हात माझ्या हातावर ठेवला आणि थोपटलं. म्हणाले, "तुझी काळजी नाही मला. तो पोरगा पळाला. तू शहाणी. तुला विचारलं तेव्हा तू बरोब्बर सांगितलंस."

त्यांना वाटत होतं, मी जाणूनबुजून सांगितलं. त्यांच्यासाठी. तुझ्यासारखंच, त्यांनाही अडतीस वर्षं तेच वाटत होतं. मी उरलेला पॅनकेक भरवला, त्यांचं तोंड पुसलं, डबा धुतला आणि बाहेर आले. गाडीत बसून दारं आतून लावून घेतली. मग ओरडले.

उद्या हे पत्र टाकते. तुला मिळेल तोवर बुधवार होऊन गेलेला असेल. तू आलास तर विस्बीला बोटीच्या धक्क्यावर मी उभी असेन, आणि नाही आलास तरी उभी असेन, रोज संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. गुड्रुनकडे मी बुधवारी स्वतः जाणार आहे, कोणी दुसऱ्याने सांगण्याआधी. डबा परत करायचाय. त्याचीच जास्त भीती वाटते.

मंगळवारी दहा वाजता कायसापुढे माझा नवा जबाब आहे. आरशासमोर म्हणून बघितला, दोनदा जुनंच वाक्य तोंडात आलं. तिसऱ्यांदा जमलं. तुलाही लिहून ठेवते, म्हणजे मला फिरवता येणार नाही.

शनिवार, १५ ऑगस्ट १९८७. दुपारी तीनपासून सहापर्यंत घरी मी एकटी होते.

इल्वा